साहेब समोरच्या सोफ्यावर असताना लोक हसतील कसे?

वाचकाचं पत्र: 'तालुक्याच्या गावी पतसंस्थेत नोकरी करते. गणेशोत्सवात, स्नेहसंमेलनांत दहा मिनिटांचा विनोदी एकपात्री कार्यक्रम करते. घरी आणि मैत्रिणींत माझ्या बोलण्यावर सगळे पोट धरून हसतात. यंदा मंडळाच्या स्टेजवर पाण्यावर बोलले. आमच्याकडे नळाला आठ दिवसांनी पाणी येतं, तेही रात्री दोनला. मी म्हणाले, "नगरपालिकेला लाज नाही, नगराध्यक्ष झोपा काढतात." नगराध्यक्ष समोरच सोफ्यावर होते. मंडपात चिडीचूप. नंतर एक ज्येष्ठ गृहस्थ म्हणाले, "विनोदानं काही होत नसतं, उगीच वैर कशाला घेतेस?" विनोदात खरंच ताकद असते का? असली तर येते कुठून, आणि माझ्यासारखीनं ती कमवायची कशी? कोजागरीला त्याच लोकांसमोर पुन्हा कार्यक्रम आहे. विषय सोडू की धरू?'

विषय धरा. विषय बरोबर आहे, माणसंही बरोबर आहेत. चुकलं ते वाक्य, आणि त्याआधी चुकली ती तुमची उभं राहण्याची जागा. दोन्ही दुरुस्त होण्यासारखं आहे.

आधी ताकदीचं बोलू. मंडपातल्या प्रत्येक माणसाला पाण्याची परवड माहीत आहे. तरीही प्रत्येकाला वाटत असतं की वैतागलोय तो आपणच, बाकीचे निमूट सोसतायत. तीनशे माणसं एका वाक्यावर एकाच क्षणी हसतात, तेव्हा प्रत्येकाला कळतं की शेजाऱ्यालाही हे ठाऊक आहे, आणि आपल्याला ठाऊक आहे हे शेजाऱ्याला कळलेलं आहे. भाषणावरची टाळी ठरवून वाजवता येते, हशा ठरवून काढता येत नाही. म्हणून हशावर लोकांचा विश्वास बसतो, आणि सोफ्यावरच्या माणसाची पंचाईत होते. आरोपाला खुलासा देता येतो. हशाला कुणी काय खुलासा देणार?

तुमच्या वाक्यानं याच्या उलट केलं. 'लाज नाही' हा निवाडा झाला. त्यावर हसणं म्हणजे नगराध्यक्षांच्या डोळ्यांदेखत तुमच्या बाजूनं सही करणं. उद्या दाखल्यासाठी त्याच कचेरीत जायचं असलेला माणूस ती सही करत नाही. लोक विनोदाला घाबरले नाहीत, सहीला घाबरले. चांगला विनोद माणसाला आडोसा देतो. कुणी विचारलंच तर 'आम्ही आमच्याच फजितीवर हसलो' असं म्हणता येतं.

हा आडोसा आपल्या मातीत फार जुना आहे. संस्कृत नाटकातला विदूषक राजाचा मित्र असतो, ब्राह्मण असून प्राकृत बोलतो, खादाड आणि भित्रा असतो, आणि म्हणूनच राजाला तोंडावर बोलू शकतो. एकनाथांनी सोळाव्या शतकात भारुडांत स्वतःच्या तोंडून उपदेश केला नाही; आंधळा, वेडी, महार यांची सोंगं घेऊन ती माणसं बोलकी केली. तमाशात गण झाला की गवळणीत मावशी येते, मग बतावणी, मग वग. या सगळ्यात ज्याच्याकडे सत्ता नाही तोच सगळ्यात जास्त बोलतो. वसंत सबनीसांच्या 'विच्छा माझी पुरी करा' या वगनाट्यात दादा कोंडके हवालदार झाले आणि त्याचे पंधराशेच्या वर प्रयोग झाले. ताज्या बातमीवर ते जागच्या जागी अ‍ॅडिशन घेत, म्हणजे संहितेत नसलेलं वाक्य घालत. हवालदारच का? सत्तेच्या शिडीवरची ती शेवटची पायरी. वरून आलेला हुकूम तो इतका शब्दशः पाळतो की हुकमातला मूर्खपणा आपोआप उघडा पडतो. त्याला टीका करावीच लागत नाही.

ज्येष्ठ गृहस्थांना इतिहासातलं एवढंच सांगा: अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी १९४४ साली लाल बावटा कलापथक काढलं आणि तमाशाचा साचा गिरणगावाच्या प्रश्नांना दिला. स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबई सरकारनं तमाशावर बंदी आणली. पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात शाहिरांचे वग आणि आचार्य अत्र्यांची 'गेल्या दहा हजार वर्षांत' छापाची अतिशयोक्ती सभा गाजवत होती. नुसत्या करमणुकीवर कुणी बंदी घालत नाही. गृहस्थांचं एक मात्र खरं आहे, हशानं जलवाहिनी बदलत नाही. तो भीती कमी करतो आणि गोष्ट सगळ्यांची आहे हे उघड करतो. पुढचं काम अर्ज, ग्राहक पंचायत, नगरसेवक यांचं. पण पहिला अर्ज करायला माणूस धजावतो तो आपण एकटे नाही हे कळल्यावर.

आता तुमचं वाक्य. पहिली दुरुस्ती: निवाड्याऐवजी तपशील. रात्री दोनला पाणी येतं म्हणजे नेमकं काय होतं? अख्खी गल्ली झोपेतून उठून हंडे-कळशा घेऊन बाहेर पडते. कशा अवतारात? इथं विनोद आहे.

'आमच्याकडे आठ दिवसांनी पाणी येतं. रात्री दोनला. त्यामुळे आमच्या गल्लीत कुणाचा गाऊन कुठं उसवलाय, हे सगळ्यांना तोंडपाठ.'

'पाहुणे आले की आम्ही दारातच विचारतो, किती दिवस राहणार? प्रेमानं नाही. बादल्या मोजून.'

एवढ्यावर लोक तुमचे झाले, कारण दोन्ही ठिकाणी हसू तुमच्यावर आणि त्यांच्यावर आहे, सोफ्यावरच्यांवर नाही. नगराध्यक्षांकडे यायचं ते आता, आणि तेही भोळेपणानं:

'मला तर साहेबांची फार काळजी वाटते. इतक्या वर्षांत रात्री दोनला ते हंडा घेऊन एकदाही दिसले नाहीत. म्हणजे त्यांच्याकडे आठ दिवसांनीसुद्धा येत नसणार! बिचारे आंघोळ कशी करत असतील?'

यात आरोपाचा एक शब्द नाही. त्यांच्या घरी रोज पाणी येतं, असं तुम्ही म्हणाला नाहीत. ते वाक्य प्रेक्षकानं मनात पूर्ण केलं, आणि माणूस स्वतः पूर्ण केलेल्या वाक्यावर सगळ्यात मोठ्यानं हसतो. तमाशातल्या सोंगाड्याचं भोळेपण ते हेच. म्हणताना चेहऱ्यावर खरीखुरी काळजी हवी. डोळ्यांत मिश्किली आली, तुम्ही स्वतः हसलात, तर भोळेपण फाटतं आणि खालचा आरोप दिसायला लागतो. नवख्या माणसाचा विनोद पडतो तो बहुतेक वेळा इथेच, वाक्य चांगलं असूनही.

क्रम बदलू नका. सुरुवातीची दोन-अडीच मिनिटं स्वतःवर आणि गल्लीवर, मग सोफ्याकडे एकच फेरी, मग पुन्हा गल्लीत परत. साहेबांवर सलग तीन विनोद केलेत की लोकांना ती मोहीम वाटते. आणि शक्य झालं तर साहेबांनाही हसायला जागा ठेवा. ते हसले तर मंडप मोकळा होतो. नाही हसले तर लोक तेही पाहतात.

दुसरी दुरुस्ती मराठीच्या वाक्यरचनेची आहे. आपलं क्रियापद शेवटी येतं, म्हणून हसवणारा शब्द मध्येच फुटतो आणि मागे 'असतो', 'आहे', 'म्हणून विचारतो' अशी शेपटं उरतात. 'आम्ही बादल्या मोजून पाहुण्यांना किती दिवस राहणार असं विचारत असतो' हे वाक्य बरोबर आहे आणि मेलेलं आहे. 'बादल्या' ऐकून लोक हसायला तोंड उघडतात, तेवढ्यात तुम्ही अजून बोलताय, म्हणून ते गप्प बसतात. मराठी शब्दक्रम लवचीक आहे, तो वापरा. वाक्य तोडा, प्रश्न आधी करा, क्रियापद गाळा आणि हसवणारा शब्द अगदी शेवटी आणा. तुमची सगळी संहिता लाल पेन घेऊन तपासा. प्रत्येक विनोदात तो शब्द अधोरेखित करा आणि त्याच्यापुढे काय उरतं ते पाहा. दोनपेक्षा जास्त अक्षरं उरली तर वाक्य पुन्हा लिहा.

त्या शब्दाच्या आधी जेमतेम अर्धा ते एक सेकंद थांबा. त्याहून लांबवलंत तर लोक पुढचं ओळखतात. शब्द उच्चारल्यावर तोंड बंद, हात स्थिर. हशा चढतो, टोकाला जातो, उतरायला लागतो. तो साधारण एक तृतीयांश उरला असताना पुढचं वाक्य उचला. चढत्या हशावर बोलणं म्हणजे स्वतःचा लाफ्टर स्वतःच खाणं. एकदोनदा असं झालं की पुढचं वाक्य ऐकायचं राहील या भीतीनं लोक हसणंच आवरतात. उलट पूर्ण शांततेपर्यंत थांबलात तर प्रत्येक वेळी शून्यातून सुरुवात करावी लागते.

घरी हसतात आणि स्टेजवर नाही, याचं कोडंही सुटण्यासारखं आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट प्रोव्हाइन यांनी लोकांच्या हसण्याच्या नोंदी घेतल्या. माणूस एकटा असताना हसतो त्याच्या सुमारे तीसपट चारचौघांत हसतो, आणि गप्पांमधलं बहुतेक हसू विनोदावर नसून साध्यासुध्या वाक्यांवर असतं, असं त्यांना आढळलं. समजा, तुम्ही तुमच्या मावशीची गोष्ट सांगताय. घरच्यांना तिचा चेहरा, तिचं बोलणं ठाऊक आहे. तुम्ही नुसतं 'मावशी आली' म्हणालात तरी ते हसतात. मंडपाला मावशी माहीत नाही. त्यांच्यासाठी ती दोन वाक्यांत उभी करावी लागते: एक सवय आणि एक लकब, बस. वय, नातं, गाव, साडीचा रंग हे सगळं सांगत बसू नका.

त्याच नोंदींतून दुसरं निघतं. हसू एकाकडून दुसऱ्याकडे जातं, म्हणून माणसं दाटीनं बसलेली हवीत. रिकाम्या खुर्च्यांची एक ओळ मध्ये आली की हशा तिथंच अडतो. कोजागरी मोकळ्या मैदानावर किंवा गच्चीवर असणार, तिथं हशा वर उडून जातो आणि मागच्याला पुढचं हसू ऐकूच येत नाही. आयोजकांना चार गोष्टी आधी सांगा. सतरंज्या स्टेजच्या अगदी जवळ, मध्ये वाट न ठेवता. सोफे बाजूला, तिरके, म्हणजे लोक हसण्याआधी साहेबांचा चेहरा पाहणार नाहीत; सोफे समोर मध्यभागी असले की सगळा मंडप त्यांच्या पाठीवरून परवानगी मागत बसतो. तुमच्या चेहऱ्यावर प्रकाश पुरेसा, कारण भुवई दिसली नाही तर भोळेपण पोचत नाही. आणि एको बंद. गाण्यासाठी लावलेला एको विनोदात शेवटचा शब्दच पुसून टाकतो. माइक हनुवटीशी, तोंडापासून तीन-चार बोटांवर ठेवा आणि मान वळवाल तसा वळवा.

वेळ मसाला दुधाच्या आधीची मागा. हातात गरम पेला असलेला माणूस टाळी वाजवत नाही, आणि दूध वाटताना निम्मे लोक उभे असतात. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री १० नंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद करावा लागतो. १२ पर्यंतची सवलत राज्य सरकार वर्षातल्या जास्तीत जास्त १५ दिवसांनाच देऊ शकतं. पावणेदहाची वेळ मिळाली आणि सत्कार लांबले, तर कापला जाणार तो तुमचाच कार्यक्रम. साडेआठच्या आसपास, लहान मुलांच्या नाचानंतर आणि भाषणांच्या आधी, ही जागा चांगली. बक्षीस समारंभानंतर तर मुळीच नको. बक्षीस मिळालेली कुटुंबं उठून जातात.

दहा मिनिटांसाठी संहिता ९०० ते १००० शब्दांचीच लिहा. जास्त लिहिलंत तर हशाला जागा उरत नाही आणि तुम्ही धावायला लागता. तालमीसाठी घरच्यांना बसवू नका. पतसंस्थेतल्या, बचत गटातल्या, तुम्हाला जुजबी ओळखणाऱ्या सहा-आठ जणी दोनदा जमवा, दर वेळी वेगळ्या. फोनवर आवाज रेकॉर्ड करा आणि संहितेच्या समासात खुणा करा: मोठा हशा, बारीक हसू, काहीच नाही. दोन वेगवेगळ्या घोळक्यांत 'काहीच नाही' आलेला विनोद काढून टाका, कितीही आवडता असला तरी. मिनिटाला दोन हशे आले तर नवख्या माणसासाठी उत्तम. चार ते सहा ही मुरलेल्या कलाकारांची गती मानतात. कुठेही सलग चाळीस-पन्नास सेकंद कोरडे जात असतील तर तिथला मजकूर लहान करा. विनोद वाढवायची गरज नसते, प्रस्तावना कापायची असते.

मध्येच कुणी ओरडलं तर? त्याचं वाक्य आधी माइकवर जसंच्या तसं म्हणा, कारण ते मागच्यांनी ऐकलेलं नसतं. मग त्याच्याशी सहमत व्हा, आणि थेट संहितेवर परत या. 'खाली बस' म्हणणाऱ्याला 'बसते की, पण खाली पाणी आहे का बघून सांगा' एवढं पुरे. त्याच्या दिसण्यावर, पिण्यावर, कपड्यांवर जाऊ नका. माइक तुमच्या हातात आहे, म्हणजे त्या क्षणी ताकदवान तुम्ही आहात. तुम्ही त्याला चिरडलंत की लोकांची माया त्याच्याकडे जाते.

इथं आम्हाला मनापासून वाटतं ते सांगतो. काळा रंग, लठ्ठपणा, तोतरेपण, साडी नेसलेला पुरुष, कजाग बायको, कामवाल्या बाईची भाषा, यांवर हशा चटकन मिळतो. तो मिळतो कारण समाज तिथं आधीपासूनच हसत आलाय. तुम्ही नवं काही उघड करत नाही, ज्याला रोज हसतात त्याला आणखी एकदा हसता. असा हशा घ्यायला धैर्य लागत नाही आणि त्यातून कुणाची भीतीही जात नाही. स्टेजवर बाई उभी राहिली की तिच्याकडून सासू-नवऱ्याचे विनोद मागितले जातात. सासूवर बोला, जरूर बोला, पण तिच्या स्वभावावर बोलण्याऐवजी रात्री दोनला तीही हंडा घेऊन उभी असते यावर बोला. ती पुढच्या ओळीत बसून सगळ्यात आधी हसेल.

भीतीबद्दल तुम्ही लिहिलं नाहीत, पण 'वैर' या शब्दात ती आहे, आणि ती खोटी नाही. १ जानेवारी २०२१ रोजी इंदूरमध्ये विनोदवीर मुनव्वर फारुकी यांना अटक झाली आणि जामीन सर्वोच्च न्यायालयाकडून ५ फेब्रुवारीला मिळाला. मार्च २०२५ मध्ये कुणाल कामरा यांच्या एकनाथ शिंदे यांच्यावरील विडंबनानंतर मुंबईत खारच्या कार्यक्रमस्थळाची तोडफोड झाली. म्हणून कायद्याच्या रेषा ठाऊक असू द्या. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्या कलम ३५६ खाली बदनामीला दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड किंवा समाजसेवा अशी शिक्षा आहे. लोकसेवकाच्या सार्वजनिक कामाबद्दल सद्भावनेनं व्यक्त केलेलं मत त्यात अपवाद आहे. 'पैसे खाल्ले', 'टेंडर मेव्हण्याला दिलं' हे मत नसून आरोप आहे, आणि पुरावा मागितला जाईल. पाणी आठ दिवसांनी येतं हे गावाला माहीत असलेलं सत्य आहे. त्याच रेषेच्या आत राहा. घरच्या माणसांवर, बायका-मुलांवर जाऊ नका. कलम २९९ धर्मभावना हेतुपुरस्सर दुखावण्याबद्दल आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षेचं. जातीवरून अपमान झाला तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू होऊ शकतो. पाण्याच्या विनोदाला यांपैकी कशाचीही गरज नाही, म्हणून कसलीही भर घालू नका, स्टेजवर सुचलेली तर नाहीच. पहिली दोन-तीन वर्षं राजकीय अ‍ॅडिशन घ्यायची नाही, असा नियमच करा.

कुणीतरी मोबाइलवर चित्रण करणार आणि त्यातले वीस सेकंद कापून फिरवणार, हे गृहीत धरा. साहेबांची काळजी करणारा तुकडा एकटाच ऐकून पाहा. मागचंपुढचं नसताना तो अपमानासारखा वाटत नसेल तर ठीक. वाटत असेल तर 'मला तर साहेबांची फार काळजी वाटते' हे वाक्य त्या तुकड्याच्या अगदी आत, विनोदाला चिकटून आणा, म्हणजे ते कापता येणार नाही. स्वतःचंही पूर्ण दहा मिनिटांचं चित्रण एका मैत्रिणीकडून करून घ्या आणि जपून ठेवा. तक्रार झालीच तर तेच कामाला येतं.

राहिला प्रश्न मंडळाला आधी सांगायचं का. सांगा. विषय सांगा, वाक्यं सांगू नका. 'पाण्यावर बोलणार आहे, कुणावर वैयक्तिक नाही' असं अध्यक्षांना समक्ष भेटून सांगा. ते नको म्हणाले तर वाद घालू नका, गाऊन आणि बादल्यांचा भाग तेवढा ठेवा आणि साहेबांचा तुकडा या वेळी गाळा. तो नसला तरी मंडप पाण्यावर हसेल, आणि साहेब ते ऐकतील.